शहीद द्वीपावर (नील बेटावर) मुक्काम : कोणता किनारा, किती रात्री?

निवळशंख

नमस्कार. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही चौघे अंदमानला जात आहोत : आम्ही दोघे, ११ वर्षांची मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. सावरकर १९११ ते १९२१ या काळात ज्या सेल्युलर जेलमध्ये होते, ती कोठडी एकदा डोळ्यांनी पाहावी, असे सासूबाई कित्येक वर्षे म्हणत आल्या आहेत, आणि खरे तर हा प्रवास त्यांच्यासाठीच ठरला आहे. श्रीविजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथे तीन रात्री आणि स्वराज द्वीप म्हणजे हॅवलॉक येथे दोन रात्री, एवढे पक्के झाले आहे.

प्रश्न आहे तो नीलचा. सहल आखून देणाऱ्यांनी नीलला मुक्काम ठेवलेलाच नाही. सकाळी हॅवलॉकहून बोटीने नीलला उतरायचे, गाडीतून तीन किनारे पाहायचे आणि दुपारच्या बोटीने श्रीविजयपुरमला परतायचे, असा त्यांचा बेत आहे. मला मात्र त्या छोट्या बेटावर राहावेसे वाटते. सात दिवसांच्या धावपळीत दोन दिवस तरी एका जागी बसायला मिळावेत, ही माझी अपेक्षा आहे. त्यामुळे ज्यांनी तिथे मुक्काम केला आहे त्यांना विचारते : किती रात्री राहावे, कोणत्या किनाऱ्याजवळ खोली घ्यावी, सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना पायऱ्या जमत नाहीत, तर त्यांची सोय होईल का?

मुक्कामपोस्ट

आपल्या बेतात एकूण सातच दिवस असतील, तर सहलवाल्यांनी सुचवलेला क्रम मला चुकीचा वाटत नाही. आम्ही तसेच केले होते. नील लहान आहे. जेटीपासून भरतपूरचा किनारा पायी जाण्याच्या अंतरावर, लक्ष्मणपूर दोनेक किलोमीटर आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाचे सीतापूर साधारण पाच किलोमीटर. पाच तासांत सगळे पाहून होते. ज्येष्ठ व्यक्ती बरोबर असताना प्रत्येक मुक्काम म्हणजे सामान बांधणे, सोडणे आणि बोटीवर चढवणे, याचाही विचार करावा. श्रीविजयपुरमच्या एका हॉटेलात सामान स्थिर ठेवून फिरणे त्यांना अधिक सुखाचे होईल.

दर्यावर्दी

मुक्कामपोस्ट यांचा सामानाबद्दलचा मुद्दा रास्त आहे, परंतु पाच तासांत नील 'पाहून होते' या म्हणण्याशी मी सहमत होऊ शकत नाही, आणि त्याचे कारण आवडीनिवडीचे नसून समुद्राचे आहे. मी आजवर तीन वेळा या बेटावर राहिलो आहे आणि तिन्ही वेळा एकच गोष्ट नव्याने शिकलो : नीलचा प्रत्येक किनारा दिवसातून दोनदा पूर्ण बदलतो, आणि आपण कोणत्या वेळी तिथे उभे आहोत यावर त्याचे रूप अवलंबून असते.

भरतपूरचेच घ्या. जेटीच्या शेजारचा हा किनारा उथळ आणि शांत आहे, पाण्याखाली प्रवाळ आहे आणि काचेच्या तळाच्या बोटी येथूनच सुटतात. भरतीच्या वेळी येथे पाण्याचा रंग असा असतो की बघतच राहावे, आणि लहान मुलांना डुंबायलाही ही जागा उत्तम आहे. हाच किनारा ओहोटीला पाहिला तर पाणी दूरवर गेलेले असते, खडक आणि प्रवाळाचे तुकडे उघडे पडलेले असतात आणि पोहण्याचा प्रश्नच उरत नाही. लक्ष्मणपूरला दोन किनारे आहेत, त्यांपैकी दुसऱ्यावर नेमके याच्या उलट आहे. तिथली प्रसिद्ध नैसर्गिक खडकाची कमान, जिला पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या गावकऱ्यांनी प्रेमाने 'हावडा ब्रिज' हे नाव दिले, तिच्यापर्यंत ओहोटीलाच नीट पोहोचता येते, आणि ओहोटीतच खडकांमधल्या डबक्यांत रंगीत मासे, समुद्रकाकड्या, खेकडे पाहायला मिळतात. म्हणजे एकाच दिवशी अकरा ते तीन या वेळात कोणी दोन्ही किनारे दाखवले, तर त्यांपैकी एक तरी चुकीच्या वेळी पाहिला जाण्याचीच शक्यता अधिक. परत आलेले पुष्कळ लोक 'भरतपूरला नुसते दगड होते' किंवा 'कमानीपर्यंत जाताच आले नाही' असे सांगतात, त्याचे मूळ येथे आहे. बेटाचा त्यात काही दोष नाही.

शिवाय सूर्य. अंदमान इतके पूर्वेला असून घड्याळ मात्र भारतीय प्रमाणवेळेचेच असल्यामुळे तिथे जानेवारीत सायंकाळी सव्वापाच-साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि सहापर्यंत अंधार पडतो. लक्ष्मणपूरचा पहिला किनारा सूर्यास्ताचा आणि सीतापूरचा सूर्योदयाचा. दुपारच्या बोटीने परतणाऱ्याला या दोहोंपैकी एकही मिळत नाही.

म्हणून माझे मत असे की दोन रात्री राहावे, आणि खोली शोधण्याआधी किनारा ठरवावा. हॉटेलांची छायाचित्रे पाहून सुरुवात केली की सगळीच सारखी वाटू लागतात.

आता किनाऱ्यांविषयी. जेटी, बाजार आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ज्या वस्तीत आहे ती नील केंद्र. तिच्याजवळच भरतपूर. येथे राहण्याचा लाभ असा की बोटीतून उतरल्यावर काही मिनिटांत खोलीत पोहोचता येते, जेवणाचे पर्याय चालत जाण्याच्या अंतरावर असतात आणि औषधांची गरज पडली तर धावपळ होत नाही. समर सँडसारखी मोठी, सर्व सोयींची रिसॉर्टे या बाजूला आहेत, आणि पर्यटन खात्याचे 'हवाबिल नेस्ट' हे जुने विश्रामगृहही याच परिसरात आहे. (हवाबिल म्हणजे अंदमानातल्या गुहांमध्ये घरटी करणारी पाकोळी.) सरकारी विश्रामगृहाचे आरक्षण सुरू आहे का, याची मात्र खात्याकडे आधी खात्री करून घ्यावी. या बाजूची उणीव एवढीच की दिवसा, बोटी येतात त्या वेळेत, भरतपूरला गर्दी असते.

लक्ष्मणपूरला, म्हणजे पर्ल पार्क आणि त्याच्या आसपासच्या कॉटेजांमध्ये, राहिल्यास सूर्यास्त अंगणात मिळतो. पांढरी वाळू, मागे झाडांची दाट रांग, आणि दिवसाच्या सहली परतल्यावर मागे उरणारी शांतता. माझी स्वतःची पसंती हीच आहे. सीतापूरला समुद्र उघडा आहे, लाटा जोरकस आहेत, बाजूला खडकाळ कडे आहेत. तिथे पहाट विलक्षण असते, पण लहान मुलीला घेऊन पोहण्यासाठी ती जागा नव्हे, आणि अंधारानंतर बाजारापासून ते अंतर जाणवते. रामनगरचा किनारा सर्वांत निवांत, परंतु पहिल्याच भेटीत तिथे राहण्याचा सल्ला मी देणार नाही.

आपल्या सासूबाईंचा विचार करता भरतपूर-नील केंद्र हा भाग मला योग्य वाटतो. लक्ष्मणपूरचा सूर्यास्त ऑटोने जाऊन पाहता येईल.

हर्णैकर

दर्यावर्दी यांनी भरती-ओहोटीचा मुद्दा इतका सविस्तर मांडला आहे की मला राहवत नाही. आमच्याकडे कोकणात भरतीची वेळ काढण्यासाठी पंचांग पुरते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, आणि अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. आमच्या आजोबांनी याच हिशेबाने आयुष्यभर होड्या लोटल्या. निवळशंख यांनी जायच्या तारखांच्या तिथी पाहून ठेवल्या, तर नीलला कोणत्या वेळी कोणता किनारा पाहायचा हे घरीच ठरवता येईल असे वाटते.

दर्यावर्दी

हर्णैकर, तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब मीही लहानपणापासून वापरत आलो आहे आणि आपल्या किनाऱ्यावर तो आजही चुकत नाही. परंतु तो आपल्या किनाऱ्याचा हिशेब आहे. चंद्र तोच असला तरी भरतीची लाट प्रत्येक किनाऱ्यावर वेगळ्या वेळी पोहोचते, कारण समुद्राची खोली, किनाऱ्याचा आकार आणि बेटांचा अडथळा या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. पहिल्या भेटीत मीही हाच हिशेब घेऊन गेलो होतो. अमावास्येचा दुसरा दिवस होता. पाऊणपटीनुसार दुपारी पाऊणच्या सुमारास भरती आणि सायंकाळी सातच्या आसपास ओहोटी यायला हवी होती, परंतु कमानीपाशी पूर्ण ओहोटी दुपारी चारच्या सुमारासच लागली. आपला हिशेब तिथे सुमारे तीन तासांनी चुकतो.

तरीही तिथीचा उपयोग आहेच. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि त्याच दिवसांत ओहोटीही सर्वांत खोल जाते, त्यामुळे कमान आणि खडकांतली डबकी पाहण्यासाठी ते दिवस उत्तम. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार वर-खाली होत नाही, आणि त्या दिवसांत भरतपूरला पोहण्यासाठी जास्त वेळ मिळतो. नेमकी वेळ मात्र पोर्ट ब्लेअरच्या भरतीच्या तक्त्यावरूनच पाहावी. जेटीवरचे ऑटोवाले आणि होडीवालेही ती अचूक सांगतात. वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे लक्षात ठेवले की दोन दिवसांची आखणी सहज होते.

हर्णैकर

मनःपूर्वक आभार. हे मला ठाऊक नव्हते. हिशेब किनाऱ्यागणिक बदलत असणार हे आजोबांना माहीत असावे, कारण सौराष्ट्राकडे गेलेल्या तांडेलांना ते वेळा विचारून घेत असत. आज त्याचा अर्थ लागला.

पारिजात

मी दोन वर्षांपूर्वी आईसोबत नीलला तीन रात्री राहिले. रिसॉर्टमध्ये न राहता आम्ही नील केंद्राच्या थोडे आत, एका बंगाली कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोलीत उतरलो होतो, आणि हा पर्याय निवळशंख यांनी अवश्य विचारात घ्यावा असे मला वाटते.

हे बेट केवळ पर्यटनावर उभे राहिलेले नाही, ही गोष्ट घरात राहिल्याशिवाय कळत नाही. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून विस्थापित झालेल्या कुटुंबांना सरकारने अंदमानात जमिनी दिल्या, त्यांपैकी काही कुटुंबे नीलला आली. रान साफ करून त्यांनी शेती उभी केली आणि आज नीलची भाजी श्रीविजयपुरमच्या आणि हॅवलॉकच्या बाजारात जाते. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर ही गावांची नावे ऐकून आईला फार आनंद झाला होता. सकाळी ती घराच्या मालकिणीबरोबर परसात बसून वांगी आणि दुधी तोडत असे. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, मोडक्या हिंदीत सगळे चाले, आणि तरी निघताना दोघींच्या डोळ्यांत पाणी होते. नारळ, पोफळी, केळी, अंगणात शेणाने सारवलेला कोपरा, विहीर. आईला ते कोकणातले माहेर वाटले.

शाकाहाराची काळजी करू नये. बंगाली घरात मासे रोज शिजतात हे खरे, परंतु आधी सांगितले तर वेगळ्या भांड्यात डाळ, भात, आलू-पोस्तो, भोपळ्याची किंवा पपईची भाजी असे साधे जेवण मिळते. मोहरीच्या तेलाचा वास सवय नसलेल्यांना उग्र वाटतो, तेव्हा सासूबाईंना चालणार नसेल तर साधे तेल वापरण्याची विनंती पहिल्याच दिवशी करावी. बाजारात पोळी-भाजी आणि दाक्षिणात्य नाश्ताही मिळतो. आम्ही घरून मेतकूट आणि लोणचे नेले होते, त्याचा उपयोग झाला.

उणिवाही सांगते. अशा घरांत गरम पाणी बादलीने मिळते. बेटावर गोडे पाणी जपूनच वापरावे लागते. रात्री मच्छरदाणी आवश्यक आहे. वीज अधूनमधून जाते. यांपैकी काही खटकणार असेल तर रिसॉर्टच बरे.

गोदाकाठ

मी थोडे सावधगिरीचे लिहितो, कारण आमचा अनुभव सुखाचा नव्हता आणि तो टाळता येण्यासारखा होता. माझे वडील त्या वेळी ७६ वर्षांचे होते. आम्ही ज्या ठिकाणी आरक्षण केले त्याचे नाव घेत नाही. संकेतस्थळावर 'समुद्रासमोरची कॉटेज' असे लिहिले होते आणि छायाचित्रात दारातच समुद्र दिसत होता. प्रत्यक्षात समुद्रासमोर फक्त त्यांचे उपाहारगृह होते. आम्हाला दिलेली खोली मागच्या बाजूला, पायवाटेने सहा-सातशे मीटर आत होती, तिला पाच उंच पायऱ्या होत्या आणि न्हाणीघरात कमोड असला तरी धरायला कठडा नव्हता. वडील त्या दोन दिवसांत खोलीतून केवळ जेवायला बाहेर पडले. ज्यांच्यासाठी आपण एवढ्या लांब जातो त्यांनाच समुद्र दिसू नये, याची हुरहुर अजून आहे.

म्हणून आरक्षणापूर्वी फोन करून विचारावे, आणि उत्तर लेखी मागावे : आम्हाला मिळणारी खोली नेमकी कोणती, तिचेच छायाचित्र पाठवाल का, दारापर्यंत ऑटो येतो का, खोलीला किती पायऱ्या आहेत, वीज गेल्यावर जनरेटर खोलीतल्या पंख्यापर्यंत चालतो की फक्त स्वागतकक्षापर्यंत, आणि जेटीवर घ्यायला कोणी येईल का. आम्ही यांतला एकही प्रश्न विचारला नव्हता. बेटावर सुट्टीच्या काळात खोल्या भरलेल्या असतात, आयत्या वेळी दुसरीकडे जावे म्हटले तर जागा मिळत नाही, म्हणून हे काम घरूनच करावे लागते.

कमानीच्या बाबतीतही एक सूचना करावीशी वाटते. लक्ष्मणपूरच्या त्या किनाऱ्यावर उतरायला पायऱ्या आहेत आणि पुढे ओल्या, शेवाळलेल्या खडकांवरून बरेच चालावे लागते. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीने तिथे उतरू नये. एकाने वर थांबून सोबत करावी.

निवळशंख

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिले आहे की काय म्हणावे कळत नाही. पारिजात यांचा मजकूर मी सासूबाईंना वाचून दाखवला आणि त्यांनी लगेच 'मला त्या घरात राहायचे आहे' असे सांगितले. तरी गोदाकाठ यांचा अनुभव वाचून मनात धास्ती आहे.

दोन शंका उरल्या. एक, बोटीची. जानेवारीत हवामान बिघडून अडकून पडण्याची शक्यता किती असते, आणि नीलचा मुक्काम प्रवासाच्या सुरुवातीला ठेवावा की शेवटी? दुसरी, तिकिटांवर काही ठिकाणी 'नील' आणि काही ठिकाणी 'शहीद द्वीप' दिसते, ही दोन्ही एकच ना?

समुद्रपक्षी

नावाचे आधी सांगतो. दोन्ही एकच. १८५७ च्या उठावात अलाहाबाद आणि कानपूर येथे अत्यंत क्रूरपणे सूड उगवणाऱ्या जेम्स नील या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नावावरून बेटाचे जुने नाव पडले होते, आणि हॅवलॉक हेही त्याच काळातल्या सेनापतीचे नाव. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, आणि अंदमान-निकोबारसाठी 'शहीद' आणि 'स्वराज' ही नावे त्यांच्याच आझाद हिंद सरकारने दिली होती. त्या घटनेला ७५ वर्षे झाली त्या दिवशी, ३० डिसेंबर २०१८ रोजी, नीलचे शहीद द्वीप आणि हॅवलॉकचे स्वराज द्वीप असे नामकरण झाले. ज्या सासूबाई सेल्युलर जेल पाहायला निघाल्या आहेत, त्यांना हे आवर्जून सांगावे. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र अजून 'नील'च आहे, आणि तिकिटांवर, नकाशांवर दोन्ही नावे सापडतात. मुख्य शहराचेही तसेच : श्रीविजयपुरम हे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले, जुन्या आरक्षणांवर पोर्ट ब्लेअर दिसले तर गोंधळून जाऊ नये.

बोटींचे असे. खासगी जलद बोटी वातानुकूलित आहेत, श्रीविजयपुरम ते नील हे अंतर त्या तासाभरात ते दीड तासात कापतात, आणि हॅवलॉक-नील तर त्याहून जवळ. सरकारी बोटीला श्रीविजयपुरमहून दोन तासांच्या आसपास लागतात. ती स्वस्त आहे, डेकवर उभे राहता येते, परंतु त्यात बेटावासीयांना प्राधान्य असते, आणि ते योग्यच आहे, कारण त्यांच्यासाठी ती आपल्या एसटीसारखी आहे. आजारी माणूस, परीक्षेला जाणारा विद्यार्थी, भाजीच्या पाट्या, सगळे त्याच बोटीने जातात. ज्येष्ठ व्यक्ती बरोबर असल्याने आपण खासगी बोटीची तिकिटे आधीच काढावीत आणि बोट लागण्याची औषधे जवळ ठेवावीत.

हवामानाविषयी : अंदमानला दोन्ही मोसमी पाऊस मिळतात, मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा आणि त्यानंतर डिसेंबरपर्यंत ईशान्येचा. जानेवारीच्या मध्यानंतर ते एप्रिलपर्यंत समुद्र बहुधा शांत असतो, त्यामुळे आपल्या तारखा चांगल्या आहेत. तरीही डिसेंबर २०१६ लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात बंगालच्या उपसागरात वादळी हवामान तयार झाले (तेच पुढे 'वरदा' चक्रीवादळ होऊन १२ डिसेंबरला चेन्नईवर आदळले), बोटी बंद पडल्या, आणि हॅवलॉक व नील येथे शेकडो पर्यटक काही दिवस अडकले. शेवटी नौदलाच्या जहाजांनी त्यांना सुखरूप परत आणले. घाबरवण्याचा हेतू नाही. परंतु विमानाच्या आदल्या दिवशी कधीही नीलवर नसावे. आधी हॅवलॉक, मग नील, आणि परतीच्या विमानापूर्वी श्रीविजयपुरमला एक पूर्ण दिवस, असा क्रम ठेवावा. सेल्युलर जेल त्या शेवटच्या दिवसावर मात्र ढकलू नये. ते पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे, म्हणजे पुढे काहीही झाले तरी सासूबाईंची इच्छा पूर्ण झालेली असेल.

मुक्कामपोस्ट

आधीच्या प्रतिसादानंतर मी आमची जुनी छायाचित्रे पुन्हा पाहिली. आमच्या भरतपूरच्या छायाचित्रांत खरोखरच उघडे पडलेले खडक आहेत, आणि मी इतकी वर्षे समजत होतो की किनाराच तसा आहे. दर्यावर्दी यांचे म्हणणे मला पटले. सामानाबद्दलचा माझा मुद्दा मात्र कायम आहे : श्रीविजयपुरमच्या हॉटेलात मोठ्या पेट्या ठेवण्याची सोय बहुतेक ठिकाणी होते, तेव्हा बेटांवर प्रत्येकी एक लहान पिशवीच न्यावी. जेटीवर सामान स्वतःच उचलून बरेच चालावे लागते.

जलतरंग

मी सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि नीलच्या परिसरात अभ्यासासाठी काही आठवडे राहिले आहे. राहण्याची जागा निवडताना एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही, ती येथे मांडते.

नीलचे सौंदर्य ज्यावर उभे आहे ते प्रवाळ मुळातच संकटात आहे. २०१० मध्ये समुद्राचे पाणी तापल्यामुळे अंदमानच्या प्रवाळाचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले, म्हणजे ते रंग जाऊन पांढरे पडले, पुढे २०१६ मध्येही झाले, आणि अशा आघातातून सावरायला प्रवाळाला पुष्कळ वर्षे लागतात. त्यातच किनाऱ्यावरच्या वस्तीचे सांडपाणी समुद्रात गेले तर शेवाळ वाढते आणि उरलेले प्रवाळ गुदमरते. म्हणून जागा निवडताना सांडपाण्याची व्यवस्था काय आहे, प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी पिण्याचे पाणी भरून देतात का, हे विचारावे. पाच पर्यटकांनी विचारले तर मालक त्याकडे लक्ष देतो, हे मी स्वतः पाहिले आहे. रात्री समुद्राकडे प्रखर दिवे सोडणारी जागा शक्यतो टाळावी.

ओहोटीत डबकी पाहायला जाताना पायांत पट्ट्याच्या, पकड असलेल्या चपला असाव्यात, परंतु जिवंत प्रवाळावर पाय ठेवू नये. त्याचा हातभर फांदा वाढायला कित्येक वर्षे गेलेली असतात. आपल्या मुलीला हे आधीच समजावून सांगितले तर ती मोठ्यांपेक्षा जास्त काळजी घेईल. समुद्रकाकडी हातात घेऊन छायाचित्र काढायला लावणारे काही लोक असतात, त्यांना नम्रपणे नकार द्यावा. प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, घरी आणू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार प्रवाळाला संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते.

आणि एक आनंदाची गोष्ट. अंदमानचा राज्यप्राणी असलेला डुगाँग, म्हणजे समुद्री गवतावर जगणारा शांत सस्तन प्राणी, नीलच्या आसपासच्या गवताळ उथळ पाण्यात अधूनमधून दिसतो. दिसेलच असे नाही. पण भरतपूरला सकाळी लवकर, बोटी सुरू होण्याआधी, निवांत बसून पाण्याकडे पाहत राहण्यासाठी ते कारण पुरेसे आहे.

निवळशंख

आमचे ठरले, ते लिहिते, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांना उपयोग होईल.

श्रीविजयपुरमला उतरल्या दिवशीच सेल्युलर जेल. मग हॅवलॉकची एक रात्र कमी करून नीलला दोन रात्री, आणि परतीच्या आधी श्रीविजयपुरमला पूर्ण दिवस. नीलला आम्ही नील केंद्राजवळच्या एका घरगुती निवासात खोली घेतली. गोदाकाठ यांनी दिलेले सगळे प्रश्न फोनवर विचारले. मालकाने न कंटाळता उत्तरे दिली, त्याच खोलीची छायाचित्रे पाठवली, दाराशी एकच पायरी आहे आणि न्हाणीघरात कठडा नाही हे स्वतःहून सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी कळवले की आपण येण्याआधी लाकडी कठडा बसवून घेतो. जेटीवर ऑटो घेऊन तेच येणार आहेत. मोहरीच्या तेलाचेही बोलून झाले. रोख रक्कम थोडी जास्त आणा, नेटवर्क कधी चालते कधी चालत नाही, असेही त्यांनी सांगितले.

भरतीच्या तक्त्यावरून पाहता पहिल्या सायंकाळी लक्ष्मणपूरचा सूर्यास्त आणि दुसऱ्या सकाळी भरतपूर, असे जमते आहे. ओहोटीच्या वेळी कमानीला मी आणि मुलगी जाऊ, हे सासूबाईंबरोबर घरीच थांबतील. एवढेच विचारायचे राहिले : सीतापूरचा सूर्योदय सासूबाईंना दाखवायचा असेल, तर तिथे वाळूपर्यंत गाडी जाते का?

पारिजात

रस्ता किनाऱ्याच्या अगदी जवळ जातो. शेवटचे थोडे अंतर झाडांमधून चालावे लागते, पण ते सपाट आहे. आईला काठीच्या आधाराने काही त्रास झाला नाही. ऑटो आदल्या रात्रीच सांगून ठेवावा. सूर्य सहाच्या आत उगवतो, म्हणून पाचलाच निघावे लागेल. वाटेत दिवे नसतात, विजेरी जवळ असू द्या, आणि सासूबाईंना बसायला एखादी घडीची खुर्ची घरमालकांकडून मागून घ्या. आम्ही तशीच नेली होती.